‘रडू नका, लढा’ हे सांगतंय कोण?

गिरणबाबू:
‘शिवार७९’ यांचा इथला ‘मी असा घडलो’ हा लेख वाचून दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही. ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: माण तालुक्यातलं कोरडवाहू रान, शाळेला येऊन-जाऊन १२ किलोमीटर अनवाणी, ‘मिलोच्या भाकरीवर काढलेले दिवस’ (मिलो म्हणजे दुष्काळातली रेशनची लाल ज्वारी), कंदील, मग पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी भाड्याचा कॉट आणि पाचव्या प्रयत्नात वर्ग एकची पोस्ट. इथवर माझा नमस्कारच. पण शेवटची ओळ अशी: ‘परिस्थिती कुणालाच अडवत नाही. रडू नका, लढा.’ आणि त्या ओळीवर बदामाच्या इमोजींचा पाऊस.

माझे वडील लालबागला कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. अडीच लाख माणसं बाहेर पडली होती. सगळ्यांना वाटलं, दोन-तीन महिन्यांत मिटेल. तो कागदावर अजून मिटलेला नाही. लढले नाहीत का हो ते? दीड वर्षानं वडिलांना दादरला एका इमारतीवर वॉचमनची नोकरी मिळाली. खाकी शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे आणि तिथे जाऊन घालायचे. परत येताना तेच वर्तमानपत्र, तीच घडी. चाळीत कुणाला कळू नये म्हणून. मला वर्गातल्या एका पोरानं सांगितलं, ‘तुझ्या बापाला गेट उघडताना बघितला.’ मी त्याला मारलं. घरी येऊन वडिलांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. २००९ ला गेले. गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, कारण त्यांच्या गोष्टीच्या शेवटी पोस्ट नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे पुरुषाला दुःख सांगायची परवानगी जिंकल्यावर मिळते. हरलेल्याने तेच सांगितलं की ते रडगाणं.

आटपाडीकर:
वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण राग चुकीच्या माणसावर काढताय. एक माणूस मन मोकळं करतो, तर तुम्ही त्याच्या शेवटच्या ओळीचं पोस्टमॉर्टम करता. पुरुष बोलला तर बढाई, नाही बोलला तर दगड. करायचं काय त्यानं?

माझा चुलतभाऊ २०१६ ला गेला. डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग पडला, त्यात कर्ज. आदल्या रात्री माझ्याशी फोनवर बोलला, पाऊण तास, सगळं क्रिकेटबद्दल. मी पण मूर्ख, ‘घरी सगळं बरं ना?’ विचारलं आणि ‘बरं’ म्हणाल्यावर ठेवून दिला. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत आणि त्यात दहातले सात पुरुष. महाराष्ट्र पहिला. अशा राज्यात कुणी चार ओळी लिहीत असेल तर लिहू द्या. ओळ चुकली तर चुकली.

पेठेतला कॉट:
मी स्वतः सध्या सदाशिव पेठेत कॉटवर आहे. महिना साडेतीन हजार, खिडकी दुसऱ्याच्या वाट्याला. वय ३०, प्रयत्न चार, एकदा मुलाखतीपर्यंत. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या क्लासवाल्याकडे एक ‘संघर्षगाथा’ असते. साहेब येतात, शाल-नारळ, अनवाणी शाळा, आईचं मंगळसूत्र, टाळ्या. मग क्लासवाला माइक घेतो आणि नवीन बॅचची फी सांगतो. मंगळसूत्र आलं की आम्ही मागच्या बाकावर घड्याळ बघतो, कारण त्यानंतर बरोब्बर दहा मिनिटांनी चहा. आणि लायब्ररीवाल्यांनी खुर्चीचं भाडं परत वाढवलंय, त्यावर कुणी धागा काढेल का?

आटपाडीकर:
भाडेवाढीचा इथे काय संबंध?

पेठेतला कॉट:
संबंध असा की तोही संघर्षच आहे, फक्त अजून शाल मिळालेली नाही.

जुनं दप्तर:
मुद्दा बाजूला राहू द्या, मला वेगळीच शंका आहे. शिवार७९ यांनी लिहिलंय की २००० साली बी.एस्सी. झालो. नावातही ७९ आहे. म्हणजे जन्म १९७९ चा धरू. मिलो आला बहात्तरच्या दुष्काळात. मग ह्यांनी मिलोची भाकरी खाल्ली कधी?

गिरणबाबू:
😄 हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आटपाडीकर:
झालं सुरू. आता रेशनकार्ड मागा. खेड्यात मिलो पुढेही मिळत असेल, तुम्हाला काय माहीत?

नाना धारूरकर:
मला माहीत आहे, मी खाल्लाय. बहात्तरला सोळा वर्षांचा होतो, दहावी सोडून दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर दगड फोडत होतो. अमेरिकेची लाल ज्वारी. रेशनवर रांग लावून मिळायची. भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावरून काढली की दोन तुकडे. रंग विटेसारखा. वास असा की गुरं तोंड फिरवायची, आम्ही फिरवत नव्हतो. दुष्काळ सरला तसा तो गेला, आमच्याकडे तरी सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरला कुणी नाव काढत नव्हतं. आणि खरं सांगू, मिलोपेक्षा जगवलं सुकडीनं. कामावर दुपारी वाटायचे. गोडसर वडी, हातात मावेल एवढी.

जुनं दप्तर:
नाना, सुकडी वडी नव्हती. भुगा होता. माझे वडील दुष्काळी कामावर मस्टर (हजेरी) कारकून होते, पोती यायची. पोत्यातून मापाने द्यायचे.

नाना धारूरकर:
तुमचे वडील सावलीत बसून मस्टर लिहीत होते. खाल्ली कुणी, मी. वडी होती.

जुनं दप्तर:
आता कारकुनावर घसरलात. ४२ अंशांत ताडपत्रीखाली चारशे माणसांची हजेरी घेणं म्हणजे सावली नव्हे. त्यांच्या हिशेबात तीन रुपये कमी भरले तर स्वतःच्या पगारातून भरायचे. त्यांची गोष्ट कुणी ऐकली नाही, कारण त्यात दगड फोडायचा नव्हता ना.

गिरणबाबू:
मंडळी, विषय सुकडी नाही.

मिरजेचा पाहुणा:
विषय सुकडीच आहे आता. आमच्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे ती भाजलेल्या लाडवासारखी होती. आणि अमेरिकन धान्याबरोबर गाजर गवत आलं म्हणतात, ते कुणी बोलत नाही. पुण्यात १९५५ च्या आसपास पहिल्यांदा दिसलं, आज माझ्या प्लॉटवर कमरेएवढं आहे, नगरपालिका उचलत नाही.

नाना धारूरकर:
ते गव्हाबरोबर आलं म्हणतात. मिलोच्या माथी नका मारू. मिलोवर आधीच खूप आरोप आहेत.

जुनं दप्तर:
इथे एक सांगितलं पाहिजे, कारण ‘मी एकटा लढलो’वाले हे कायम गाळतात. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला. नानांना कुणी ‘लढा’ म्हणून भाषण दिलं नव्हतं. घमेलं दिलं, हजेरी मांडली, शनिवारी पैसे दिले.

नाना धारूरकर:
शनिवारी नाही हो, कधीकधी तिसऱ्या शनिवारी. बाकी बरोबर. सुकडी सोडून.

रोहिणी क.:
तीन दिवस वाचतेय. सगळे पुरुष बोलताय, चांगलं आहे, बोला. आता मी बोलते.

माझा धाकटा भाऊ पण अशी व्याख्यानं देतो. यूट्यूबवर आहे, नाव सांगत नाही. त्यात एक वाक्य असतं: ‘घरच्यांनी खूप साथ दिली.’ त्या चार शब्दांत मी आहे. आठवीला ७१ टक्के होते मला, त्याला ५८. हायस्कूल नऊ किलोमीटरवर, एस.टी.चा पास एकाचाच निघणार होता. पुढे मुलींना अहिल्यादेवींच्या नावानं मोफत पास झाला, तेव्हा माझ्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. त्याच्यासाठी पहाटे चारला उठून डबा मी करायची, कारण आई पाचला रानात जायची. कंदिलाची काच रोज राखेनं मीच घासायची. भाऊ सांगतो, ‘कंदिलावर अभ्यास केला.’ केला ना, खोटं कुठाय. काच काळी असती तर दिसलं असतं का काही?

मला त्याचा राग नाही. पोस्टिंगनंतर पहिली साडी मलाच आणली. पण एकदा स्टेजवरून माझं नाव तर घे.

आटपाडीकर:
ताई, हे मान्य. पण तुमची गोष्ट तुम्ही सांगा, त्याची त्याला सांगू द्या. प्रत्येक पुरुषानं आपल्या दुःखाआधी बाईची परवानगी घ्यायची का?

रोहिणी क.:
परवानगी कोण मागतंय दादा? नाव मागतेय. आणि तुमच्या चुलतभावाबद्दल लिहिलंत तेव्हा मी इथे रडले. आता त्याच्या बायकोचं काय चाललंय ते लिहाल का? कर्ज कुणाच्या नावावर आहे सध्या?

(दुसऱ्या दिवशी)

आटपाडीकर:
वहिनीच्या. बाग काढली. ती आता अंगणवाडीत मदतनीस आहे. तुमचा प्रश्न झोंबला म्हणून काल उत्तर दिलं नाही. तरीही मी माझ्या मुद्द्यावरून हटलेलो नाही, पुरुषांनी बोलायलाच पाहिजे. एवढंच की गेल्या सात वर्षांत मी तिला फोन केलाय तो दिवाळीला.

गिरणबाबू:
रोहिणीताई, तुमचं वाचून मीच माझा पहिला प्रतिसाद परत वाचला. वडिलांच्या शर्टाची घडी लिहिली. त्या दीड वर्षात आमच्याकडे आई खानावळ चालवत होती हे लिहायचं राहिलं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जेवणारे. संपात त्यांचेही पैसे थकले, तरी ती वाढत होती. राहिलं म्हणजे, खरं तर सुचलंच नाही.

पेठेतला कॉट:
म्हणजे धागाकर्ताच नापास. आमच्यात या, एक कॉट रिकामा आहे.

शिवार७९:
कुणीतरी लिंक पाठवली म्हणून आलो. माझ्या जन्मसालावर एवढी चर्चा झाली नव्हती, एमपीएससीच्या कागदपत्र पडताळणीतसुद्धा.

मिलोबद्दल: जुनं दप्तर, तुम्ही बरोबर आहात. मी खाल्लेला नाही. आईनं खाल्ला. घरात ती गोष्ट इतक्यांदा ऐकली, की लिहिताना ‘आम्ही’ झालं. खोटं बोलायचा हेतू नव्हता, पण खोटं झालं खरं. दुरुस्त करतो.

शेवटच्या ओळीबद्दल मात्र तुमचं ऐकणार नाही, गिरणबाबू. ती ओळ मी तुमच्या वडिलांसाठी लिहिली नव्हती, माझ्यासाठी लिहिली. चौथ्या निकालाच्या रात्री खडकवासल्याच्या बॅकवॉटरला गेलो होतो. एकटा. परत आलो, कारण रूममेटनं मेसचा डबा झाकून ठेवलाय असा मेसेज केला. त्या रात्री मी स्वतःला हीच ओळ म्हणत चालत आलो. तुम्हाला ती भाषण वाटते, मला तेव्हा काठी होती. पण हा भाग लेखात लिहिला नाही. ऑफिसातले वाचतात.

गिरणबाबू:
हा भाग लिहिला असता तर मी हा धागा काढला नसता.

शिवार७९:
आणि बदामही पडले नसते, साहेब.

आटपाडीकर:
मी हेच पहिल्या दिवसापासून सांगत होतो. असो. कुणी माफी मागणार नाही, माहीत आहे.

गिरणबाबू:
अर्धी मागतो. अर्धी त्या ओळीसाठी राखून ठेवतो. तुमची काठी दुसऱ्याच्या पाठीत बसते कधीकधी, एवढं तरी बघा.

पेठेतला कॉट:
शिवार सर, तुमच्या रूममेटचं पुढे काय झालं? पोस्ट निघाली का त्याची?

शिवार७९:
नाही. त्याचं आता बार्शीत खतांचं दुकान आहे. महिन्यातून एकदा बोलतो आम्ही. व्याख्यानाला त्याला कुणी बोलावत नाही.

पेठेतला कॉट:
मला ऐकायला आवडेल. शाल मी आणतो.

मिरजेचा पाहुणा:
पण सुकडीचं काय ठरलं? वडी की भुगा?

जुनं दप्तर:
भुगा. ह्यावर मी पुन्हा बोलणार नाही.

नाना धारूरकर:
काल रात्री मोठ्या बहिणीला फोन लावला, अंबाजोगाईला असते, ७८ वर्षांची. तीही त्याच केंद्रावर टोपली वाहायची. म्हटलं, आक्का, सुकडी आठवते का, वडी होती ना? खूप वेळ हसली. म्हणाली, भुगाच होता रे. मी वाटा पदरात बांधून घरी आणायचे. आई पाण्याचा हात लावून ताटात थापायची आणि तुला सगळ्यात मोठा तुकडा द्यायची.

जुनं दप्तर यांचं बरोबर निघालं. वडिलांबद्दल बोललो ते मागे घेतो.