लपतछपत खेळण्याचा गेम मोठा कशामुळे ठरतो : चोरामुळे की पहारेकऱ्यामुळे?

धुऱ्यावरचा (तालुका लाखांदूर)

सर्वांना नमस्कार. धानाची मळणी आटोपल्यापासून रात्रीचे जेवण झाले की मी १९९८ सालचा ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा गेम खेळत आहे. माझा संगणक जुना आहे, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून सुरुवातीला नाइलाजाने या गेमकडे वळलो होतो. आता मात्र कोणी नवा संगणक आणून दिला तरी हा पूर्ण केल्याशिवाय मी दुसरा सुरू करणार नाही.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरेट नावाचा चोर आहे आणि शिकवणीनंतरच्या पहिल्याच मोहिमेत त्याला बॅफर्ड नावाच्या सरदाराच्या वाड्यातून राजदंड पळवायचा असतो. समोरच्या दारावर पहारा असल्यामुळे विहिरीच्या वाटेने आत शिरावे लागते. आत फरशीवर पाऊल टाकले की टकटक आवाज होतो, गालिच्यावर होत नाही. मशाल पाण्याच्या बाणाने विझवता येते. आणि पडद्याच्या तळाशी एक खडा असतो, तो आपण उजेडात आलो की उजळतो आणि अंधारात गेलो की काळा पडतो. परवा रात्री मी जिन्याखालच्या कोपऱ्यात उभा होतो आणि पहारेकरी माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. खडा काळा होता, म्हणजे मी त्याला दिसणार नव्हतो, हे मला माहीत होते; तरी मी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. माझ्या मागे खाटेवर बसलेल्या धाकट्या भावाने तर आलेला खोकला तोंडावर दुपट्टा धरून दाबला. पहारेकरी निघून गेल्यावर दोघांनीही एकदमच श्वास सोडला.

अलीकडचे काही गेम मी मावसभावाकडे नागपूरला खेळून पाहिले आहेत. त्यांत भिंतीपलीकडचा शत्रूही रंगीत आकृतीच्या रूपात दिसतो, चित्रे अतिशय देखणी असतात, पण असा श्वास रोखून धरण्याचा प्रसंग माझ्यावर एकदाही आला नाही. माझा प्रश्न असा आहे की या जुन्या गेममध्ये नेमके काय आहे? अंधार, चोराची कथा, की आणखी काही? ज्यांनी असे गेम शेवटपर्यंत खेळले आहेत त्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

जागल्या (तालुका राळेगाव)

भाऊ, तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे, फक्त तुम्ही ते चोराच्या बाजूने पाहत आहात. मी पहारेकऱ्याच्या बाजूने सांगतो, कारण गेली आठ वर्षे हिवाळ्यात मी चन्याच्या आणि तुरीच्या वावरात जागलीला जातो. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत एकराचे वावर उलथून टाकतात, त्यामुळे मचाणावर रात्र काढण्यावाचून इलाज नसतो.

जागलीची रात्र कशी जाते ते ऐका. डुक्कर आले नाही याची खात्री असते तो वेळ थोडा, आणि डुक्कर आलेच आहे हे कळते तो वेळ त्याहूनही थोडा. बाकी सगळी रात्र संशयात जाते. धुऱ्याकडे, म्हणजे वावराच्या बांधाकडे, पाचोळा वाजतो, आपण कान टवकारतो, बॅटरी मारावी की न मारावी याचा विचार करतो, कारण बॅटरी लावली की तिच्या झोतात जेवढे येते तेवढेच दिसते आणि बाजूचा अंधार पूर्वीपेक्षा दाट होतो. मग उतरून पाहावे लागते. काही सापडले नाही तर परत मचाणावर येतो, पण मन लगेच शांत होत नाही. ‘थीफ’च्या पहारेकऱ्याला हाच संशय दिलेला आहे. त्याला थोडासा आवाज आला तर तो थबकतो, स्वतःशी पुटपुटतो, आवाजाच्या जागेपर्यंत चालत येतो, इकडेतिकडे पाहतो आणि काही आढळले नाही तर वाटेला लागतो. तुमच्यापासून हातभर अंतरावर जो उभा होता तो याच अवस्थेत होता. ज्या गेममध्ये शत्रू एक तर आंधळा असतो किंवा एकदम सर्वज्ञ होतो, त्यात ही मधली अवस्थाच नसते, आणि ती नसली की खेळणाऱ्याला करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू असते तोपर्यंत तिच्या घरघरीत धुऱ्यावरचे काहीच ऐकू येत नाही, आणि लाइन गेली की क्षणात वावरभर इतकी शांतता पसरते की उंदराने तुरीचे पान हलवले तरी कळते. २००५ साली आलेल्या ‘स्प्लिंटर सेल : केऑस थिअरी’ या गेममध्ये हाच अनुभव मोजपट्टीच्या रूपाने पडद्यावर आणला आहे. पट्टीवर भोवतालच्या आवाजाची एक खूण असते आणि आपल्या हालचालीचा आवाज तिच्या खाली राहिला तर पहारेकऱ्याला काही ऐकू येत नाही. यंत्राजवळून आपण भराभर जाऊ शकतो, शांत खोलीत मात्र अंगुळाअंगुळाने सरकावे लागते. हे पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला मोटरच आठवली.

म्हणून माझे मत असे की असा गेम पहारेकऱ्यामुळे मोठा होतो. त्याला काय दिसते आणि काय ऐकू येते हे नियम पक्के असावेत, खेळणाऱ्याला ते खरेखरे सांगितलेले असावेत, आणि पुढे गेमने ते कधीही मोडू नयेत. तुमचा तो खडा म्हणजे गेमने तुम्हाला दिलेला शब्द आहे. तो शब्द पाळला जातो याची खात्री होती म्हणूनच तुम्ही पळाला नाहीत.

मोहफूल (तालुका कुरखेडा)

जागल्याभाऊंच्या म्हणण्याला माझी एक पुस्ती आहे. ‘थीफ’ नेहमी हेडफोन लावून खेळावा, कारण तो तयार करणाऱ्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने आवाज हाच त्याचा पाया मानला होता. आवाज सरळ रेषेत भिंतीतून येत नाही, तर दारांतून, कमानींतून, एका खोलीतून दुसरीत असा फिरत येतो. त्यामुळे डावीकडच्या दारातून पावले ऐकू आली तर पहारेकरी खरोखरच त्या दाराकडून येणार असतो, आणि आपला आवाजही त्याच्याकडे त्याच वाटांनी जातो. तुमच्याकडे शेवाळ पसरवणारे बाण असतील तर ते जपून ठेवा, धुऱ्यावरचे भाऊ; लोखंडी जाळी किंवा फरशी ओलांडण्यापूर्वी एक बाण मारला की पावलांचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे रानात सागाच्या वाळल्या पानांवरून चालताना माझी आई पाऊल कसे उचलते आणि टाकते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. वाघ-अस्वलाच्या रानात आपला आवाज आणि त्यांचा आवाज वेगळा ओळखता आला पाहिजे, असे ती सांगते. त्या गेममध्ये जमिनीकडे पाहत चालण्याची सवय मला वेगळी लावून घ्यावी लागली नाही.

दोष सांगायचा तर एवढाच की मधल्या काही मोहिमांत चोरी बाजूला पडते आणि थडग्यांतली प्रेते अंगावर येतात. प्रेताला संशय येत नाही, ते नुसते चालून येते, त्यामुळे तिथे मजा उतरते. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात हे प्रमाण पुष्कळ कमी केलेले आहे. त्याच वर्षी ती कंपनी बंद पडली, याची मला आजही हळहळ वाटते.

आयजीआयवाला (तालुका दर्यापूर)

वरील दोघांचे विवेचन मनापासून आवडले, परंतु आमच्या पिढीने ज्यावर हात बसवला त्या ‘प्रोजेक्ट आयजीआय’चा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. २००० साली नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने तो काढला. त्यापूर्वी त्यांनी लढाऊ विमानाचा गेम केला होता आणि त्याचेच इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ प्रणाली, इथे वापरले, म्हणून त्यातला मुलूख इतका विस्तीर्ण आहे. डोंगरावर पालथे पडून दुर्बिणीने खालचा लष्करी तळ न्याहाळायचा, नकाशाच्या यंत्रात तोच तळ वरून पाहायचा, कॅमेरे कुठे आहेत, मनोऱ्यावर कोण आहे, कुंपणाचा कोणता कोपरा उघडा आहे हे ठरवायचे आणि मगच उतरायचे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी त्यातली दहा-दहा मिनिटे नुसती पाहण्यात घालवली आहेत आणि त्यांचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

त्याचे पहारेकरी ‘थीफ’च्या तोडीचे नाहीत, हे मी मान्य करतो. संशय वगैरे त्यांच्यात फारसा नाही, आणि एकदा सायरन वाजला की बराकीतून शिपाई निघतच राहतात. पण त्या गेममध्ये मोहिमेच्या मध्ये सेव्ह करण्याची, म्हणजे तिथवरचा खेळ जपून पुढे तिथूनच सुरू करण्याची, सोयच नव्हती, आणि माझ्या मते त्याचा थरार तिथून येत होता. २००६ च्या उन्हाळ्यात भारनियमन कडक होते. एका दुपारी पाऊण तास खपून मी तळाच्या शेवटच्या इमारतीपर्यंत एकही सायरन न वाजू देता पोहोचलो, दाराशी हात नेला आणि वीज गेली. काळ्या पडद्यात माझाच चेहरा दिसत होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, पण दुसऱ्या दिवशी तीच मोहीम पुन्हा खेळताना प्रत्येक शिपायाची फेरी मला पाठ झाली होती, आणि मी ती निम्म्या वेळात पार केली. सेव्ह असते तर त्या तळाची इतकी खडान्‌खडा माहिती मला झाली असती का?

मोहफूल (तालुका कुरखेडा)

दादा, आपला अनुभव खरा आहे, पण पाठांतर आणि लपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटते. फेऱ्या पाठ झाल्या की पहारेकरी घड्याळाच्या काट्यासारखा होतो आणि संशयाचा प्रश्नच मिटतो. ‘थीफ’मध्ये कुठेही सेव्ह करता येते, तरी तो सैल पडत नाही, कारण सर्वांत अवघड पातळीवर ऐवज जास्त गोळा करावा लागतो आणि कोणाही माणसाचा जीव घेतला तर मोहीम तिथेच फसते. तलवार कमरेला असते, पण दोन पहारेकरी समोर आले तर गॅरेटचा निभाव लागत नाही. धाक हा असा नियमांतूनच यायला हवा. वीज जाण्यातून किंवा पाऊण तास वाया जाण्यातून येणारा धाक हा गेमचा गुण मानता येणार नाही. आपल्या गेमच्याच २००३ सालच्या दुसऱ्या भागात ठरावीक वेळा सेव्ह करण्याची मुभा दिली गेली, हेही लक्षात घ्यावे.

धुऱ्यावरचा (तालुका लाखांदूर)

ताई, दादा, जागल्याभाऊ, आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल ऋणी आहे. काल रात्री मी मुद्दाम त्याच वाड्यात परत गेलो, एका मोठ्या खोलीच्या कडेला अंधारात उभा राहिलो आणि चोरी न करता फक्त पहारेकऱ्याकडे पाहत बसलो. फरशीवर एकदाच पाऊल वाजवले. तो थांबला, वळला, माझ्या दिशेने चार पावले आला, आणि तेव्हा मला जाणवले की आतापर्यंत मी त्याला केवळ अडथळा समजत होतो. त्याच्या जागी उभे राहून, याला आता काय वाटत असेल, असा विचार मी केलाच नव्हता. भाऊ म्हणाला, आता तो मशालीकडे पाहील, पण तसे झाले नाही, तो सरळ निघून गेला. पण आम्ही दोघे अंदाज बांधत होतो ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. हा गेम संपत आला आहे. याच संगणकावर चालेल, पहारेकरी खरा असेल आणि भावालाही शेजारी बसून डोके लावता येईल, असा दुसरा कोणता गेम घ्यावा?

जागल्या (तालुका राळेगाव)

‘कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स’ घ्या. तोही १९९८ सालचाच, माद्रिदच्या पायरो स्टुडिओजचा, आणि तुमच्या संगणकावर सहज चालावा. त्यात आपण वरून पाहतो, हाताशी वेगवेगळ्या कामांत तरबेज असलेली मोजकी माणसे असतात, आणि कोणत्याही शत्रूची नजर हिरव्या पंख्यासारखी जमिनीवर पसरलेली पाहता येते. पंख्याच्या जवळच्या भागात आपण दिसतोच. दूरच्या भागातून मात्र पोटावर सरपटत गेले तर दिसत नाही. खरी मेख अशी की एका वेळी एकाच शिपायाचा पंखा उघडता येतो. बाकीच्यांच्या नजरा कुठे कुठे फिरत आहेत हे मनात धरून ठेवावे लागते, आणि तिथे तुमच्या भावाचा उपयोग होईल : तुम्ही एकाकडे पाहा, दुसऱ्याचा हिशेब त्याला ठेवू द्या.

बर्फ असलेल्या मोहिमेत सावध राहा. तिथे आपल्या माणसांच्या पावलांचे ठसे उमटतात आणि शिपाई ते ठसे धरून चालत येतो. सकाळी ओलिताच्या धुऱ्यावर डुकराचे खूर पाहत मी जसा जातो, अगदी तसाच तो खाली मान घालून येतो. मी पहिल्यांदा त्याला चुकवण्याचा प्रयत्न केला, नंतर लक्षात आले की ठसे मुद्दामच एका आडोशापर्यंत उमटवून त्याला बोलावून घेता येते. तिथवर पोहोचलात की कसे जमले ते इथेच लिहा. चना निघेपर्यंत मी रात्री जागाच असतो.