मदत हवी आहे: बाबांना मेळघाट दाखवायचाय, गुडघ्यांना पायऱ्या चालत नाहीत

पूर्णाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही दर्यापूर तालुक्यातले. खारपाण पट्टा, चहूकडे सपाट काळी जमीन. थंडीत आभाळ स्वच्छ असलं की आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिकडे तोंड करून बसतात.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतली बरीच वर्षं परतवाडा-धारणी रस्त्यावर गेली. त्यांना त्या रस्त्याचं वळण न् वळण पाठ आहे. पण गाविलगड आतून पाहिला नाही, कोलकासला थांबले नाहीत, भीमकुंडाच्या कठड्याशीसुद्धा कधी उभे राहिले नाहीत. परवा नातवाला सांगत होते, "लोकायले जंगल दाखोलं रे बापू, मी तं समोरचा रस्ताच पाह्यला. टायमावर गाडी पोचोनं हेच डोक्यात राहे." ते ऐकलं आणि मी ठरवलं की या डिसेंबरात त्यांना न्यायचंच.

आता अडचण सांगते. बाबांचं वय ७३. दोन्ही गुडघे झिजलेले, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. सपाटीवर काठी घेऊन अर्धा किलोमीटर आरामात चालतात. दहा-बारा पायऱ्या कठडा धरून चढतील, त्यापुढे नाही. सोबत मी, नवरा आणि दोन मुलं, ११ आणि ८ वर्षांची. मुलांना धावायला, चढायला हवं. गाडी घरची आहे. दोन रात्री, तीन दिवस.

मागच्या ऑगस्टात एका रविवारी आम्ही चिखलदऱ्याला निघालो होतो. घाटात तीन तास गाड्यांच्या रांगेत अडकलो. वर पोहोचलो तर धुकं इतकं की स्वतःच्या गाडीचं बोनेट दिसेना. धाकटीला दोनदा उलटी झाली. कणीस खाल्लं आणि परत फिरलो. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण घरी आल्यावर आठ दिवस गच्चीवर गेले नाहीत. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

म्हणून विचारते:

गाविलगडावर बाबा कुठपर्यंत जाऊ शकतील? मुक्तागिरी जमेल का? मुक्काम दोन्ही रात्री चिखलदऱ्यालाच करावा की एक रात्र खाली जंगलात? आणि मुलांसाठी वेगळं काय?

"दहा पॉइंट एका दिवसात" अशा याद्या खूप वाचल्या, त्या नकोत. तीनच ठिकाणं पाहिली तरी चालतील, पण बाबांना तिथे निवांत बसता आलं पाहिजे.

परतवाड्याचा

ताई, पहिली गोष्ट म्हणजे शनिवार-रविवार टाळा. सोमवारी निघा, बुधवारी परत या. पावसाळ्यातल्या गर्दीला जाताना धामणगाव गढी आणि येताना घटांग अशी एकमार्गी वाहतूक करतात. डिसेंबरात मधल्या वारी तुम्हाला रस्ता मोकळाच मिळेल. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या.

गाविलगडाबद्दल. चिखलदऱ्यावरून गाडी किल्ल्याच्या जवळ जाते, तिथून चालत. पायऱ्यांपेक्षा दगडगोट्यांची, उतार-चढाची वाट आहे आणि बाबांच्या गुडघ्यांना उतारच जास्त दुखवेल. पहिल्या दरवाजापर्यंत सावकाश न्या, तिथे सावली बघून बसवा. पूर्ण गड पाहायला धडधाकट माणसाला अर्धा दिवस लागतो, त्यामुळे तो हट्ट नको. एक जण बाबांजवळ थांबा आणि दुसऱ्याने मुलांना शार्दूल दरवाजापर्यंत न्या. त्यावर दगडात कोरलेला दोन डोक्यांचा पक्षी आहे, गंडभेरुंड. आधी सांगू नका, मुलांना शोधायला लावा.

आणि तुम्ही अंजनगाव सुर्जीवरूनच येणार ना? मग गाडीतच मुलांना गोष्ट सांगा. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. चिखलदऱ्याच्या बाजूनेच तोफा लावून उत्तरेची तटबंदी फोडली होती. पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांशी तह झाला तो सुर्जी-अंजनगावात. म्हणजे ज्या गावात तुम्ही चहाला थांबाल त्याच गावात. आमच्याकडच्या पोरांना वॉटर्लू ठाऊक असतं, हे नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मुक्तागिरी बाबांसाठी नको. ५२ जैन मंदिरं, मधून धबधबा, जागा अतिशय सुंदर, पण सगळा खेळ पायऱ्यांचा आहे. खालून बघून समाधान होत नाही, उलट हुरहूर लागते.

रानपिंगळा

मी पक्षी पाहायला मेळघाटात बरीच वर्षं जातो. माझा आग्रह हाच की एक रात्र जंगलात काढा. सेमाडोह किंवा कोलकास, दोन्ही सिपना नदीच्या काठी. कोरकूत सिपना म्हणजे साग, आणि त्या नदीकाठचा साग पाहिला की नाव का पडलं ते कळतं. डिसेंबरात पाणी संथ असतं, खडक उघडे पडलेले असतात. कोलकासला नदीचं वळण उंचावरून दिसतं. बाबांना तिथे खुर्ची टाकून द्या आणि कुणी त्यांना उठवू नका. पहाटे दवाचे थेंब सागाच्या मोठाल्या वाळक्या पानांवर पडतात, त्याचा टप टप आवाज येतो. नवख्या माणसाला वाटतं जनावर चालतंय.

बुकिंग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून होतं. सफारीचंही तिथेच पाहा, पण आदल्या आठवड्यात फोन करून खात्री करून घ्या. वाघ दिसेलच असं मुलांना सांगू नका. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक, पण डोंगराळ आणि दाट असल्याने ताडोब्यासारखं सहज दर्शन होत नाही. गवा, सांबर, अस्वलाचे पंजे, झाडांवरचे ओरखडे, हे दाखवा. सफारीची जिप्सी आदळते, तेव्हा बाबांच्या पाठीचा विचार करा. सेमाडोहचं निसर्ग परिचय केंद्र मात्र सगळ्यांना जमेल.

औषधं दोन ठिकाणी ठेवा, एक संच त्यांच्या खिशात. जंगलात मोबाइलला रेंज धड नसते. आणि निघण्याआधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, त्या उंचीचा सहसा त्रास होत नाही, पण पहाटेची थंडी बोचरी असते. कानटोपी हवीच.

मोथ्याची सून

ताई, मुलांसाठी मी सांगते, मला पण दोन आहेत. पंचबोल पॉइंटला न्या. दरीकडे तोंड करून हाक मारली की डोंगरातून आवाज परत परत येतो. माझा मुलगा घसा बसेपर्यंत ओरडला होता. त्या बाजूला कॉफीची झाडं आहेत, लाल फळं दाखवा. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे माझ्या माहेरी कुणाला खरं वाटत नव्हतं. आमझरीला वनविभागाचं पर्यटन संकुल आहे, तिथे साहसी खेळ आहेत. भीमकुंडाला डिसेंबरात पाण्याची धार बारीक असते, पण दरी खोल आहे. भीमाने कीचकाला मारून टाकलं ती हीच, असं सांगतात. लहान मुलीचा हात सोडू नका.

आमच्या मोथा गावाला स्ट्रॉबेरी होते. आणि रबडी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. इथल्या गवळ्यांच्या म्हशींचं दूध, खवा दाटच निघतो. बाबांना एक चमचाच द्या हो, अँजिओप्लास्टी झालीय ना.

बहिरमवाला

एवढ्या जवळून चाललेच तं बहिरमची यात्रा काऊन सोडता? डिसेंबराच्या शेवटी सुरू होते, पुरा जानेवारी राह्यते. तारीख थोडी पुढं ढकला. रोडगे, वांग्याची भाजी, हंडीतलं मटन. बुढ्या मान्साले डोंगर पाह्यन्यापेक्षा मान्सं पाह्यनं आवडते, हा मा अनुभव हाय. देवळाले पायऱ्या हायेत, पन खालच्या राहुटीत बसून राह्यले तरी दिवस जाते.

पूर्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिरमवाले दादा, यात्रेला वेगळी जाईन, या खेपेला बाबांना गर्दी नको.

ठरलं ते असं. सोमवारी अंजनगाव-परतवाडा करत चिखलदरा, पहिली रात्र तिथे. मंगळवारी सकाळी गाविलगड पहिल्या दरवाजापर्यंत, मग पंचबोल आणि दुपारी घटांगवरून सेमाडोह. दुसरी रात्र नदीकाठी. बुधवारी काहीच नाही, फक्त बसायचं.

हे काल रात्री बाबांना वाचून दाखवलं. ऐकताना मध्येच म्हणाले, "घाट ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतराचा, जावईबापूले सांग." मग बराच वेळ गप्प राहिले आणि एक गोष्ट सांगितली, जी मला पन्नाशी जवळ आली तरी ठाऊक नव्हती. एका श्रावणात सेमाडोहच्या अलीकडे रस्त्यावर मोठं झाड पडलं. गाडी रात्रभर अडकली, आत वीसेक प्रवासी. रस्त्यालगतच्या दोन-तीन कोरकू घरांनी चुली पेटवल्या आणि सगळ्यांना कुटकीचा, म्हणजे बारीक भरडधान्याचा, भात केला. एका म्हातारीने बाबांच्या ओल्या सदऱ्यावर स्वतःचं घोंगडं टाकलं. पैसे घेतले नाहीत. नंतर कितीदा तिथून गेले, पण हॉर्न वाजवण्यापलीकडे थांबायला कधी सवड झाली नाही. त्यांना ती घरं शोधायची आहेत. खूण एवढीच आठवते की समोर मोहाचं मोठं झाड आणि बाजूला नाला.

पुनर्वसनात तिकडची गावं उठली असं ऐकते. ती घरं असतील का?

रानपिंगळा

बोरी, कोहा, कुंड ही उठलेली गावं आतल्या जंगलातली, ती अकोट तालुक्यात वसवली. सेमाडोह, हरिसाल जागेवर आहेत. रस्त्यालगतच्या वस्तीचं नक्की सांगता येणार नाही. तिथे पोहोचल्यावर सेमाडोहच्या टपरीवर म्हाताऱ्या माणसांजवळ बाबांना बसवा आणि झाड पडल्याची गोष्ट त्यांनाच सांगू द्या. तुम्ही विचारू नका. जुन्या ड्रायव्हरला तिथली माणसं चेहऱ्यावरून ओळखतात.

पूर्णाकाठची

तसंच करते. आईने एक नवं घोंगडं काढून ठेवलंय आणि शेतातली दोन पायली तूर. बुधवारी परत निघण्याआधी, सकाळीच जायचं म्हणतात बाबा. सेमाडोहची टपरी किती वाजता उघडते, कुणाला माहीत आहे का?