ब्रोच धुतला आणि खडे काळे पडले, आता काय करू?

खडेवेडी:
मला जुन्या ऱ्हाइनस्टोन (काचेचे नकली हिरे) दागिन्यांचा नाद लागून जेमतेम वर्ष झालंय. मागच्या महिन्यात फुलाच्या आकाराचा एक ब्रोच घेतला, विकणारा म्हणाला चाळीसच्या दशकातला आहे. खडे जरा मळकट वाटले म्हणून मी शहाणपणा केला, कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवला आणि टूथब्रशने घासला. आता नऊ खडे करडे, दोन तर पार काळे. मधल्या तीन खड्यांवर मात्र इंद्रधनुषी झळाळी आहे, ते मस्त चमकतायत. परत चमक आणता येईल का? आणि खरंच चाळीसचा असेल का हा?

जुनंतेसोनं:
अरेरे, पाण्यात बुडवलंत तिथेच घात झाला. हे खडे म्हणजे काच, आणि चमक येते ती मागच्या फॉइलमुळे, म्हणजे चकचकीत पातळ थरामुळे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये श्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने अशा काचेच्या नकली हिऱ्यांना प्रसिद्धी दिली, अजूनही युरोपातल्या कित्येक भाषांत या खड्यांना त्याच्याच नावाने ओळखतात. पाणी खड्याच्या कडेने आत झिरपतं आणि फॉइल सुटतं, ते एकदा गेलं की खडा मेला, वरून कितीही पुसा. यापुढे किंचित ओलसर कापसाची काडी, तीही फक्त वरच्या बाजूला, आणि लगेच कोरड्या कापडावर पालथा ठेवून वाळवायचा. अल्ट्रासॉनिक मशीनच्या तर वाटेलाच जाऊ नका.

भिंगवाला:
खड्यांचं नंतर बघू, आधी वय. ती इंद्रधनुषी झळाळी म्हणजे ऑरोरा बोरिअ‍ॅलिस, खडे बनवणाऱ्या स्वारोव्स्की कंपनीने डिऑर या फॅशन कंपनीसोबत हे कोटिंग १९५५-५६ च्या सुमारास आणलं. म्हणजे एकतर ब्रोच त्यानंतरचा, नाहीतर ते तीन खडे कोणीतरी मागाहून बसवलेत. भिंग घ्या आणि त्या तिघांच्या कडेला बघा, डिंक दिसतोय का? बाकीचे खडे नख्यांनी, म्हणजे धातूच्या बारीक आकड्यांनी, पकडलेत का? मागे काही शिक्का आहे का तेही सांगा.

खडेवेडी:
बघितलं! बाकी सगळे बारीक नख्यांत बसलेत आणि त्या तिघांच्या कडेने पिवळट डिंकाचा ओघळ आहे, म्हणजे बदललेलेच ना? मग चाळीसचा असू शकतो की! पिन जिथे अडकते तिथे थोडं हिरवं साचलंय, त्याच्याच बाजूला काहीतरी कोरलंय. नाव पार झिजलंय पण एका गोलात सी दिसतोय.

भिंगवाला:
मग गेला तुमचा चाळीसचा दावा :) गोलातला सी म्हणजे कॉपीराइटचं चिन्ह. १९५५ मध्ये ट्रिफारी या दागिन्यांच्या कंपनीने कोर्टात केस जिंकली, असल्या नकली दागिन्यांनाही कॉपीराइट मिळतो असा निकाल लागला आणि त्यानंतर बाकीच्या कंपन्याही ते चिन्ह सर्रास छापायला लागल्या. म्हणजे गंमत बघा, खड्यांवरून काढलेला अंदाज चुकीच्या कारणाने बरोबर आला. विकणाऱ्याला मुद्दाम फसवायचं असेल असंही नाही, जुनं दिसलं की चाळीस म्हणायची लोकांना सवय असते.

जुनंतेसोनं:
हिरवं आधी काढा हं, ते धातू खात जातं आणि त्याच डब्यातल्या शेजारच्या दागिन्यांवरही पसरू शकतं. लाकडी टूथपिकने कोरडंच हळूहळू खरवडा, आणि तोवर ब्रोच वेगळ्या डब्यात ठेवा. काळे दोन खडे बदलायचे तर मोडक्या जुन्या तुकड्यांतून त्याच मापाचे खडे काढून घ्या, नवाकोरा खडा जुन्यांच्या रांगेत लगेच डोळ्यात खुपतो. नखी एकदम मागे वाकवू नका, जुना धातू कटकन तुटतो. आणि सुपरग्लू नको म्हणजे नको, त्याच्या वाफेने शेजारच्या खड्यांवर पांढरी धूसर साय येते. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा डिंक) पुरे.

खडेवेडी:
करडे नऊ तसेच ठेवू का मग?

जुनंतेसोनं:
मी तरी ठेवले असते. लांबून धुरकट खड्यांसारखे दिसतात, छान वाटतात.