घरी येऊन तपासणारे डॉक्टर, नर्स, फिजिओ: तुमचे अनुभव लिहा

अबोली
आज जिन्यात बीपीचं मशीन घेऊन वर चाललेली नर्स दिसली आणि बाबांचं आजारपण आठवलं. दवाखान्यात विचारलं की ते म्हणायचे, "सगळ्या गोळ्या वेळेवर घेतो." घरी आलेल्या नर्सताईंनी औषधांचा डबाच पलंगावर रिकामा करायला लावला. रक्तदाबाची एकच गोळी, दोन कंपन्यांच्या नावांनी, दोन डॉक्टरांनी लिहिलेली, आणि दोन्ही चालू! मग बाबांना आधी बसवून आणि मग उभं करून बीपी मोजलं. उभं राहिल्यावर एकदम खाली. चक्कर येत होती ती यानेच. तिथूनच डॉक्टरांना फोन. ओपीडीच्या घाईत हे कधी कळणार? तुमच्याकडे कोण यायचं?

रानपाखरू
फिजिओ. सासूबाईंचा खुबा बदलल्यावर. व्यायाम राहिले बाजूला, आधी पलंग ते बाथरूम स्वतः चालून पाहिलं. पायपुसणं उचललं, कमोडशेजारी धरायला दांडा लावायला सांगितला, त्यांची लाडकी बुटकी खुर्ची बाद. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत म्हणे. सासूबाई दोन दिवस रुसल्या होत्या 😄

मीठमिरची
+१. आई अंथरुणाला खिळली होती. दर दोन तासांनी कूस बदला हे सगळेच सांगतात. कशी बदलायची, ते नर्सने माझे हात धरून शिकवलं. ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचं, नाहीतर कातडी घासते. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. आईच्या पाठीवरचा लाल चट्टाही (पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात) तिनेच पहिल्यांदा पाहिला.

चैत्रपालवी
बाळंतपणानंतर कुणाकडे आलं होतं का कोणी? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००९ मध्येच सांगितलंय, पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि जमलं तर आठवडा संपायच्या आत घरी भेट द्यावी. माझ्याकडे आलेल्या ताईंनी मी पाजायला बसते तिथेच, तशीच बसवून बघितलं. बाळ उठलं, नंतर लिहिते

सांजवेळ
मी पॅलिएटिव्ह टीमसोबत, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्यांसोबत, घरोघरी जाते. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध, त्याने पोट घट्ट होतं) सुरू असेल तर पोट साफ होण्याचं औषध चालू आहे ना, हे आधी विचारते. पण खरं बोलणं निघताना दारात होतं. काळजी घेणारी सून किंवा मुलगी मागोमाग येते आणि हळूच म्हणते, "मला झोपच नाही हो." ती भेट तिचीही असते.

रानपाखरू
सांजवेळ 🙏 तुम्हा लोकांना खरंच नमस्कार.

अबोली
@मीठमिरची, एअर मॅट्रेस घेतली तर कूस बदलायला नको ना?

मीठमिरची
नाही गं, तरी बदलावीच लागते. नर्सला विचार, किती वेळाने ते ती बघून सांगेल. कुकर झाला, येते.