ईर्षेचा सामना: आदल्या आठवड्यापासून गर्दी पांगेपर्यंत काय काय लागतं? (अनुभव धागा)

धागाकर्ता: बिंदूचौकी

पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशी गाठ पडली की कोल्हापुरात आठवडाभर दुसरा विषय नसतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इथले संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे. पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पीटीएम, मंगळवार पेठेतलं. शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेतलं. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी यांच्यातही चुरस कमी नाही, पण पेठ विरुद्ध पेठ म्हटलं की पारा वेगळाच चढतो. मैदान एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. त्यामुळे घरचं-दारचं मैदान हा प्रकार नाही, आणि निम्मी भानगड तिथंच सुरू होते.

"आमच्या वेळी काय सामने व्हायचे" हे कट्ट्यावर रोज ऐकतो. इथं फक्त कामाचं लिहा. झेंडा, हलगी, फक्की (मैदान आखायची पांढरी भुकटी), बंदोबस्त, प्रक्षेपण, ज्याला जे येतं ते. मापं द्या, आणि काय बिघडतं ते जरूर सांगा.

उभामारुती

मोठ्या झेंड्याचा हिशेब. साटीन ४४ इंच पन्ह्याचं मिळतं. तीन पन्हे जोडले की शिवण जाऊन साधारण साडेदहा फूट रुंदी होते. लांबी १५ फूट धरली तर ४५ फूट कापड, म्हणजे १४ मीटर घ्या. जोडशिवण दुहेरी हवी. एकेरी शिवण पहिल्या वाऱ्यात उसवते आणि नेमकी मधल्या अक्षरातून उसवते. काठीकडच्या बाजूला कापड तीनदा दुमडून आत नाडी घाला, नाहीतर सगळा ताण दोन कोपऱ्यांवर येतो.

अक्षरांत बहुतेक जण चुकतात. समोरच्या गॅलरीतून झेंडा वाचायचा तर अंतर ९० मीटरच्या आसपास, म्हणजे ३०० फूट. पाटी रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा, की दर १० फुटांना एक इंच उंची. म्हणजे अक्षर ३० इंचांचं हवं. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येतो, म्हणून ओळीला ४५ इंच मोकळे ठेवा. 'शिवाजी' लिहिताना वेलांटी झेंड्याच्या बाहेर जाते ती यामुळेच. रेघेची जाडी पाच इंच. शिरोरेषा बारीक केली की लांबून अक्षरं सुटी दिसतात.

ऑइलपेंट नको. साटीनवर तो घडीला तडकतो, आणि अर्धवट वाळला असेल तर झेंडा उलगडताना अक्षर समोरच्या घडीला चिकटून येतं. वेळ असेल तर दुसऱ्या रंगाच्या कापडाची अक्षरं कापून शिवा. वेळ नसेल तर कापडावर छपाई करणाऱ्याकडून त्याची शाई आणा आणि रंगकाम सामन्याच्या तीन दिवस आधी उरका.

मंगळवारकर

वरच्या पोस्टला पुरवणी. झेंडा कितीही देखणा करा, कळकाची काठी गेटवर अडणारच, आणि अडायलाच हवी. पोकळ प्लास्टिकचा पाइप चालेल का हे आदल्या दिवशी संयोजकांना विचारून घ्या. गेटवर वाद घालून उपयोग नाही. मोठा झेंडा काठीशिवाय, कठड्याला बांधायचा म्हणूनच शिवलेला बरा. दर तीन फुटांवर एक नाडी द्या, सुतळी बरोबर ठेवा. तार नको, हात कापतो.

(काठीचा झेंडा मागच्या माणसाला सामना दिसू देत नाही हेही आहेच. त्यावरून आपल्याच गॅलरीत आपल्याच माणसांची होणारी भांडणं मोजली तर विरोधकांची गरजच उरत नाही.)

घुमकं

हलगीबद्दल. चामडं दमट हवेत सैल पडतं आणि आवाज 'ठण' ऐवजी 'भद' येतो. म्हणून वाजवण्याआधी शेकावी लागते. स्टेडियममध्ये जाळ करता येत नाही आणि करूही नये. गेटबाहेर, मोकळ्या जागी, कागद पेटवून हलगी फिरवत शेका. एका जागी धरली तर चामडं करपतं आणि मग वाजवताना फाटतं. शेकली की जाड कापडात गुंडाळून आत न्या. मध्यंतरापर्यंत ताण टिकतो. पुढं संध्याकाळ उतरली की पुन्हा सैल. म्हणून दोन हलग्या ठेवतात. पहिली पूर्वार्धाला, दुसरी गुंडाळून उत्तरार्धाला. फायबरच्या हलगीला हा त्रास नाही, पण तिचा आवाज पत्र्यासारखा. घुमकं या साथीच्या वाद्याबरोबर ती खुलत नाही.

सलग ९० मिनिटं कुणाचंही मनगट चालत नाही. वाजवणारे चार असतील तर दोघे वाजवतील, दोघे विसावतील. दहा-दहा मिनिटांनी पाळी बदला. कॉर्नर मिळाला की चौघेही. आणि स्ट्रेचर मैदानात आलं की हात थांबले पाहिजेत, खेळाडू कुठल्याही पेठेचा असो.

निळीफीत

शिट्ट्या आणू नका, हात जोडून विनंती. पोरांना मजा वाटते, पण गॅलरीतली शिट्टी ऐकून बचावपटू थांबतो, आक्रमक थांबत नाही, गोल होतो आणि मग आभाळ कोसळतं. नियम स्पष्ट आहे. प्रेक्षकाच्या शिट्टीनं खेळात व्यत्यय आला असं पंचाला वाटलं तर तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे स्वतः चेंडू जमिनीवर टाकून, पुन्हा सुरू करतो. म्हणजे तुमचा खेळाडू गोलसमोर एकटा असला तरी ती संधी गेली. दर वेळी विरोधी गॅलरीतूनच शिट्टी येते असं थोडंच आहे!

सामन्याआधी पंच चेंडू बघतो तेव्हा "काय दाबून बघतोय" असा आवाज येतो. परिघ ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, आतला दाब ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे पंपाच्या काट्यावर साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय. मैदान टणक असेल तर दाब खालच्या बाजूला ठेवणं शहाणपणाचं. गच्च भरलेला चेंडू कडक मैदानावर डोक्यावरून उसळत राहतो आणि सामना फुटबॉलचा कमी, उड्यांचा जास्त होतो.

आणखी एक. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ की थेट टायब्रेकर, हे स्पर्धेच्या पत्रकात असतं. गेल्या सामन्यातल्या कार्डांमुळे कोण बाहेर आहे तेही संयोजकांकडे लिहिलेलं असतं. दोन्ही गोष्टी आधी वाचून या. निम्मा आरडाओरडा पत्रक न वाचल्यामुळे होतो.

फक्कीवाला

मैदान आखणाऱ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं. सामन्याच्या तोंडावर मारलं तर वरचा थर निसरडा आणि खालचा टणक राहतो. पाय सरकतो आणि गुडघा जातो. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी एकदा भरपूर आणि सकाळी लवकर एकदा हलकं. त्यात धूळही बसते.

कोपरा काटकोनात यायला ३-४-५ चा दोरा लावा. एका बाजूला ९ मीटर, दुसऱ्या बाजूला १२, तिरका बरोबर १५ आला की झालं. मैदान १०५ बाय ६८ चं असेल तर कर्ण १२५.१ मीटर. दोन्ही कर्ण ताडून पाहिल्याशिवाय फक्की हातात घेऊ नका. नायलॉनचा दोरा ताणतो, त्यामुळे शंभर मीटरला हातभराची चूक सहज होते. मापाला टेप, रेघेला दोरा.

गोलची आतली रुंदी ७.३२ मीटर, आडव्या खांबाची खालची कड जमिनीपासून २.४४. पेनल्टी क्षेत्र खांबाच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर, म्हणजे एकूण रुंदी ४०.३२. ही बेरीज आली नाही तर खांबाच्या बाहेरच्या कडेपासून मोजलंय समजा. पेनल्टीची खूण ११ मीटरवर. रेघ १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. डर्बीत, म्हणजे अशा ईर्षेच्या सामन्यात, चेंडू रेघेवर की रेघेबाहेर यावरून राडा होतो, आणि रेघच हातभर पसरलेली असेल तर लाइनमन बिचारा काय करणार?

कळीचा चुना कधीच वापरू नका. घाम आणि पाणी लागलं की तो कातडी भाजतो. डोळ्यात गेला तर थेट दवाखाना. खडूची भुकटी थोडी महाग पडते, पण घसरून पडलेल्या खेळाडूच्या मांडीला जखम असते हे विसरू नका. गोलरक्षकाला गोलसमोरची सहा यार्डांची रेघ पायानं पुसण्याची सवय असते, त्यामुळे मध्यंतरात ती पुन्हा मारावी लागते. फक्कीचं एक पोतं त्यासाठी राखून ठेवा.

कठड्यावरचा

मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी. दोन्हीकडच्या समर्थकांमध्ये मोकळी पट्टी ठेवा. भिरकावलेली पाण्याची पिशवी पलीकडे पोचणार नाही इतकी. पट्टीत पोलीस असतातच, पण दोन्ही मंडळांची चार-चार जाणती माणसंही उभी राहिली पाहिजेत. पोरं खाकीला घाबरतात, पण ऐकतात ते पेठेतल्या वयस्काचं. या माणसांनी मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं असतं. सामना बघायचा असेल तर हे काम घेऊ नका.

ठिणगी पडते त्या वेळा ठरलेल्या आहेत. गोल झाल्यावरची पहिली दोन मिनिटं, लाल कार्ड, बदली खेळाडू विरोधी गॅलरीसमोरून चालत जातो तेव्हा, आणि शेवटची शिट्टी. बाकीचा वेळ लोक सामनाच बघतात. शेवटच्या शिट्टीनंतर हरलेल्या बाजूला आधी बाहेर काढा, जिंकलेल्यांना पंधरा-वीस मिनिटं आत नाचू द्या. दोन्ही गट एकाच वेळी रस्त्यावर आले की दुचाक्या आडव्या होतात.

गुलालाबद्दल एक कडक गोष्ट. गुलालाचा धुरळा आणि फटाके किंवा मशाल एकत्र नको. हवेत उडालेली बारीक भुकटी पेट घेते. २०१५ साली तैवानमध्ये एका कार्यक्रमात रंगीत भुकटी पेटली, पंधरा जण गेले आणि शेकडो भाजले. गुलाल बाहेर, मोकळ्यावर, ओंजळीनं उधळा. यंत्रानं फवारू नका.

आणि मोबाइलवरचं स्टेटस. आठवडाभर जे बंदोबस्तानं आवरायचं ते रात्री अकराला एका डिवचणाऱ्या चित्रानं उधळतं. मंडळाच्या गटावर शेवटचे दोन दिवस फक्त प्रमुखांनाच लिहिता येईल असं करून ठेवा. एवढं केलं तरी खूप.

स्टॅंडवरचा कॅमेरा

थेट दाखवणाऱ्यांना. गर्दी जमली की मोबाइलचं नेट बसतं, कारण हजारो फोन एकाच टॉवरला लटकतात. सकाळी तपासलेला वेग दुपारी चारला मिळत नाही. शक्य असेल तर शेजारच्या इमारतीतून तारेचं ब्रॉडबँड घ्या. नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. चित्र ७२० च ठेवा. सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर दोन तासांत २.७ जीबी जातो. १०८० चा हट्ट धरला की बरोब्बर पेनल्टीच्या वेळी चाक फिरत बसतं.

कॅमेरा मधल्या रेषेवर, जमेल तितका उंच आणि पश्चिमेकडे पाठ करून लावा. दुपारचं ऊन भिंगात शिरलं की दोन्ही संघ काळेच दिसतात. फोन उन्हात तापून बंद पडतो. त्यावर ओला रुमाल टाकू नका, पुठ्ठ्याची सावली करा.

घरी बघणाऱ्यांसाठी: प्रक्षेपण अर्धा-एक मिनिट मागे असतं. पेठेत राहत असाल तर गल्लीतल्या आरोळीवरून गोल आधी कळणार. त्याला इलाज नाही.

सॉल्टलेकचा पाव्हणा

कोलकात्यात मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडं. युवा भारती क्रीडांगण विधाननगरात. मेट्रोचं स्टेशन 'सॉल्ट लेक स्टेडियम' याच नावाचं आहे, तेव्हा टॅक्सीच्या नादी लागू नका. बाटली आणि मोठी पिशवी गेटवर अडते. तिकिटावरचा गेट क्रमांक नीट बघा. चुकीच्या बाजूनं आलात तर वळसा मोठा पडतो, आणि लाल-पिवळा सदरा घालून हिरव्या-मरूनच्या रांगेतून जाण्यात शहाणपण नाही. इथं जशी पेठ, तशी तिथं मूळ गावाची ओळख. पूर्व बंगालातून आलेले बांगाल ईस्ट बंगालचे आणि पश्चिमेकडचे घोटी मोहन बागानचे, अशी जुनी विभागणी. एकाची खूण इलिश मासा, दुसऱ्याची कोळंबी.

१३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात हेच दोन संघ होते आणि याच मैदानावर सव्वा लाखावर माणूस होता. ईस्ट बंगाल ४-१ नं जिंकलं, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी बाकं काढून खुर्च्या बसवल्या, त्यामुळे आता तेवढी माणसं मावत नाहीत. त्या स्पर्धेत भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे तिथल्या पोरांना सांगितलं की गप्पा लगेच जमतात.

कठड्यावरच्यांनी लिहिलेल्या मोकळ्या पट्टीचं महत्त्व कोलकात्याच्या लोकांना फार महागात कळलं. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवरच्या याच डर्बीत दोन्हीकडचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळून बसले होते. हाणामारी, मग पळापळ, आणि सोळा जणांचा जीव गेला. त्या तारखेला तिथं आजही रक्तदान करतात.

मंगळवारकर

पुन्हा एकदा, राहून गेलं ते. मोठा सामना बहुतेकदा दिवसातला दुसरा असतो, पण जागा पहिल्याच सामन्याला भरतात. गाडी बिंदू चौक किंवा दसरा चौकाकडे लावा आणि चालत या. स्टेडियमच्या दारात लावलेली गाडी सामना संपल्यावर तासभर निघत नाही. भडंग आणा, पण तिखट बेताचं. आत पाण्याला रांग असते.

बिंदूचौकी

झेंड्याच्या १४ मीटरमध्ये घडीचं कापड धरलंय का, की ते वेगळं घ्यायचं?

उभामारुती

वेगळं. काठीकडची नाडीपट्टी धरून १५ मीटर आणा. आणि सामना झाल्यावर झेंडा गुलालासकट घडी घालून तालमीच्या माळ्यावर टाकू नका. गुलाल दमट हवेत पाणी धरतो आणि साटीनवर डाग कायमचा बसतो. आधी कोरडाच झटका, मग गार पाण्यात साबणाशिवाय, सावलीत वाळवा. हरलात तरी धुवायचा, पुढच्या महिन्यात तोच लागणार आहे.