एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर आता कशाला?

इथल्या चर्चेत कुणीतरी 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर टाका आणि निवांत राहा' असा सल्ला दिलाय. हे ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटं जोड-सॉफ्टवेअर. शक्य तिथं ते साइट साध्या एचटीटीपीऐवजी एचटीटीपीएसवरून, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक जोडणीवरून, उघडायचं. दहा वर्षांपूर्वी मीही हेच सांगितलं असतं. पण ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं आपलं ते एक्स्टेन्शन जानेवारी २०२३ मध्येच बंद केलं, कारण ती सोय ब्राउझरमध्येच आली. फायरफॉक्समध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' ८३व्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून आहे. क्रोममध्ये सेटिंग्जच्या सिक्युरिटी विभागात 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स' चालू करायचं. झालं. मग साधी एचटीटीपी साइट उघडण्याआधी ब्राउझर इशारा देतो. तशाच नावाचं दुसरं कुठलंतरी एक्स्टेन्शन शोधून बसवू नका, त्याला तुमची सगळी ब्राउझिंग दिसू शकते.

एक भानगड मात्र कुणी लिहिली नाही. गेल्या महिन्यात स्टँडजवळच्या एका लॉजवर पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. वायफाय जोडलं, पण लॉगिनचं पान काही उघडेना. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, सगळ्यांचं चालतंय, तुमच्याच लॅपटॉपात काहीतरी हाय." खरंच होतं त्याचं! असली वायफाय साध्या एचटीटीपीची विनंती मध्येच अडवून आपलं पान दाखवतात, आणि माझा ब्राउझर साधी विनंती सोडतच नव्हता. तिथं नेव्हरएसएसएल डॉट कॉम (मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली साइट) टाइप केलं, इशारा आल्यावर 'पुढे जा' दाबलं, की लॉगिनचं पान हजर. घरच्या जुन्या राउटरच्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरच्या सेटिंगच्या पानालाही हाच इशारा येऊ शकतो. तेवढ्यापुरती सूट द्या, मोडच बंद करू नका.