बोका पाटीत बसतो, ओरडतो आणि गादीवर शू करतो: आजार की खोड?

परसू_फोंडा

नमस्कार. आमचा बोका तीन वर्षांचा, वजन साधारण पाच किलो, नसबंदी केलेली नाही. घर गोव्यात, फोंड्याजवळ, बैठं, मागे परसू. एरवी माडाच्या मुळाशी उकरून तो आपलं सगळं उरकून येतो, पण पाऊस लागल्यापासून बाहेर पाय टाकायला तयार नाही. म्हणून पडवीत प्लास्टिकच्या पाटीत रेती घालून ठेवली. तिच्यात शी करतो, शू मात्र गादीवर, पायपुसण्यावर, नाहीतर न्हाणीत. कालपासून सारखा पाटीत जाऊन बसतो, कुंथतो, उठतो, परत बसतो. मध्येच ओरडतो. खाणंही कमी झालंय. सासूबाई म्हणतात बद्धकोष्ठ आहे, एरंडेल पाजा. मी फरशी रोज फिनेलने पुसते, तरी पुन्हा त्याच जागी करतो.

खाण्यात सुकं कॅटफूड आणि मासेमारी बंद असल्यामुळे सध्या खारा बांगडा किंवा सुकी सुंगटं (कोळंबी). काय करावं?

कुळागरवाला

ताई, गादी, फिनेल, रेती हे सगळं नंतर. आधी एवढंच बघा: कालपासून त्याने घसघशीत शू केलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे का? नसेल, किंवा नुसते थेंब पडत असतील, तर आत्ताच डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. तिथे चिकट स्राव आणि क्रिस्टल (लघवीतल्या खनिजांचे बारीक कण) यांचा बूच बसला की शू अडते. पूर्ण अडली तर मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि दोन-तीन दिवसांत मांजर दगावतं. वारंवार बसणं, कुंथणं, ओरडणं, मागचा भाग सारखा चाटणं, खाणं सोडणं ही सुरुवातीची लक्षणं. उलटी झाली, कोपऱ्यात जाऊन बसला, अंग गार लागलं, तर वेळ फार थोडा उरलेला असतो. मादीत असं क्वचित होतं, कारण तिची नलिका आखूड आणि रुंद असते.

बद्धकोष्ठ समजून वेळ घालवणं ही नेहमीची चूक, कारण दोन्हीत मांजर तसंच कुंथताना दिसतं. तुमचा बोका शी करतोय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे प्रश्न शूचाच आहे. एरंडेल अजिबात पाजू नका. ओकारी आली किंवा ठसका लागला तर ते फुप्फुसात जाईल, आणि अडलेली शू त्याने सुटणार नाही.

पोटाच्या मागच्या भागात, मागच्या पायांच्या थोडं पुढे, बोटांना कडक लिंबासारखा गोळा लागला तर ती तुंबलेली मूत्रपिशवी. हात लागला तेवढा पुरे. दाबून शू काढायला जाऊ नका, पिशवी फुटू शकते.

घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची पाव गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. त्यांच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेनही तितकीच वाईट.

फोनवर विचारायचं ते एकच: "बोक्याची शू अडलीय, भूल देऊन कॅथेटर (शू काढायची बारीक नळी) घालायची सोय आत्ता आहे का?" नाही म्हणाले तर पुढचा नंबर लावा. पणजीच्या बाजूला असाल तर टोंकला सरकारी पशुरुग्णालय आहे, पण तिथेही आधी विचारून मगच निघा. दिवाडी-चोडण बेटांवरच्या लोकांनी फेरीबोटीच्या वेळा आधीच बघून ठेवाव्यात. नेताना पिंजरा नसेल तर झाकणाची टोपली, आत जुना टॉवेल.

परसू_फोंडा

खूप आभार. काल रात्रीच नेला. पूर्ण अडली नव्हती, बारीक धार येत होती. सोनोग्राफीत खडा नाही. लघवीत रक्त आणि स्ट्रुव्हाइट क्रिस्टल आहेत, जंतू नाहीत. वेदनेचं औषध दिलंय आणि ओलं खाणं सांगितलंय. अँटिबायोटिक दिलं नाही, ते बरोबर आहे ना? आणि आता घरात पाटीचं काय करू?

कुळागरवाला

अगदी बरोबर. तरण्या मांजरांत अशा वेळी जंतू क्वचितच सापडतात. बहुतेकदा मूत्रपिशवीला आतून सूज असते, आणि तिच्यामागे ताण, कमी पाणी आणि शू धरून ठेवणं. अँटिबायोटिकने त्यात फरक पडत नाही. सूज साधारण आठवड्याभरात उतरते, पण याच आठवड्यात नलिका परत अडण्याचा धोका असतो. तेव्हा रोज शू मोजा.

पुढच्या वेळी नमुना न्यायचा झाला तर ताजाच न्या. शू थंड झाली की बाटलीत नवे क्रिस्टल तयार होतात आणि रिपोर्ट उगाच बिघडतो.

पडवी_डिचोली

पाटीबद्दल मी सांगते.

परसात जाणाऱ्या मांजरांचं पावसात हमखास असं होतं. बाहेर चिखल आणि आत न पटणारी पाटी, मग ते शू धरून ठेवतं. पिशवीत तासन्‌तास राहिलेली शू घट्ट होते आणि क्रिस्टलला तेच हवं असतं. तिथे बसताना एकदा दुखलं की मांजर दुखण्याचा संबंध पाटीशी लावतं आणि मऊ जागा शोधतं. गादी, पायपुसणं, धुवायला काढलेले कपडे. तुमच्यावर राग काढत नाहीये. त्याला ओरडलं किंवा शूमध्ये नाक घासलं तर तो लपून करायला शिकेल, एवढंच होईल.

पाटी मोठी हवी. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट. पाच किलोच्या बोक्याला 60 ते 70 सेंटिमीटर लागतातच, आणि दुकानातले बहुतेक ट्रे याहून लहान असतात. भांडी-बाजारात मिळणारा आयताकृती प्लास्टिकचा टब घ्या, एका बाजूची कड जमिनीपासून 10-12 सेंटिमीटर ठेवून कापा आणि कापलेली धार सँडपेपरने घासा. झाकण नको. एका मांजराला दोन पाट्या, त्याही वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवल्या तर त्याच्या लेखी ती एकच. जेवणाच्या ताटलीपासून आणि वॉशिंग मशीनपासून लांब, आणि जिथून दोन बाजूंनी निसटता येईल अशा जागी. पडवीत झड येते, तिथली एक पाटी आत घ्याच.

रेती बदला. नदीची असो वा दर्यावरची, पावसात ती सुकत नाही. ओल्या रेतीत शू खाली झिरपते आणि तळाला वास धरते. सुताराकडचा भुसाही नको, धूळ नाकात जाते आणि कुठल्या लाकडाला काय औषध मारलंय कळत नाही. बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गुठळी होणारं बेंटोनाइट लिटर (पाटीत घालायची, शू शोषणारी माती) घ्या, 5 ते 7 सेंटिमीटर थर. आपल्याकडच्या दमट हवेत उघडी पिशवी ओल धरते आणि मग गुठळी फुटते, म्हणून पिशवी फोडली की सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. लाकडी गोळ्यांचं लिटर पावसात फुगतं आणि बुरशी धरतं, ते उन्हाळ्यात वापरा. दिवसातून दोनदा गुठळ्या काढा, दोन-तीन आठवड्यांनी सगळं ओतून टब साध्या साबणाने धुवा.

गुठळी होणाऱ्या लिटरचा मोठा फायदा हा की शू मोजता येते. निरोगी बोक्याच्या दिवसाला दोन ते चार चांगल्या मोठ्या गुठळ्या निघतात. बोटाच्या पेराएवढ्या सात-आठ बारीक गुठळ्या दिसल्या तर दुखणं परतलंय. एकही नसेल तर वर दादांनी लिहिलंय तेच करायचं.

फिनेल आजपासून बंद. त्यातल्या फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराला पचत नाहीत. फरशीवरून ती पंजाला लागतात आणि चाटून पोटात जातात. शिवाय त्याने वास झाकला जातो तो तुमच्यासाठी, त्याला खालचा वास येतोच. आधी कापडाने टिपा, पुसून पसरवू नका. मग साधं पाणी, मग एन्झाइमवालं क्लीनर भरपूर ओतून 10-15 मिनिटं तसंच राहू द्या आणि हवेवर सुकू द्या. गादीत शू जितकी खोल गेली तितकं खोल क्लीनर जायला हवं, वरून फवारून काही होत नाही. पावसात गादी सुकायला वेळ लागतो, तोवर वर जाड प्लास्टिक आणि खोलीचं दार बंद.

सुंगटप्रेमी

खाऱ्या मासळीबद्दल. मीठ खाल्लं की मांजर जास्त पाणी पितं, मग शू पातळ होईल ना? डॉक्टरी कॅटफूडमध्येही मीठ जास्त असतं असं वाचलंय.

कुळागरवाला

त्या खाद्यात मीठ मोजून घातलेलं असतं, आणि मॅग्नेशियम-फॉस्फरस कमी ठेवलेलं असतं. खाऱ्या बांगड्यात मिठाला मापच नाही, आणि काट्या-सालींसकट खाल्लेल्या सुक्या मासळीत ही दोन्ही खनिजं भरपूर. स्ट्रुव्हाइट बनतो तो मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांपासूनच. वयस्क मांजराच्या मूत्रपिंडाला तर इतकं मीठ मुळीच झेपत नाही. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा घरोघरी सुकी मासळी निघते आणि डोकी-शेपट्या मांजरापुढे जातात. हे थांबवा. सुंगटं भिजवून, पाणी फेकून दिली तरी मीठ थोडंच कमी होतं.

पाच किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण 200 ते 250 मिलिलिटर पाणी लागतं. सुक्या कॅटफूडमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, डबाबंद किंवा पाऊचच्या ओल्या खाण्यात 75 ते 80 टक्के. त्यामुळे नुसतं वाटीत पाणी ठेवून भागत नाही, खाणंच ओलं करायला हवं. सुक्यातून ओल्यावर 7 ते 10 दिवसांत जा: आधी चौथा हिस्सा, मग निम्मा, मग पाऊण. एकदम बदललं तर जुलाब लागतात किंवा खाणंच सोडतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून वेगळंच संकट उभं राहतं, म्हणून भूक लागली की खाईल असा हट्ट धरू नका. बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या, बिनलसणाच्या चिकन उकडल्या पाण्याचे दोन-तीन चमचे वर घातले तर चालतील. नुसतं चिकन-भात मात्र पूर्ण आहार नव्हे, त्यात टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषक द्रव्य) पुरेसं नसतं. पाण्याच्या पसरट वाट्या तीन-चार ठिकाणी, जेवणापासून दूर.

सांज_ताळगाव

नसबंदीचं राहिलं. आडव्या जागेवर, बसून, भरपूर केली तर ती शू. उभं राहून, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर थोडीशी उडवली तर ती फवारणी. दुसरा बोका परसात फिरतोय याला दिलेलं ते उत्तर असतं. तुमच्या वर्णनात अजून ती दिसत नाही, पण तीन वर्षांचा न कापलेला बोका आहे, सुरू होऊ शकते. नसबंदीने दहापैकी सुमारे नऊ बोक्यांची फवारणी बंद होते किंवा बरीच कमी होते. लगेच मात्र नाही, हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. सूज पूर्ण उतरून लघवी स्वच्छ आली की डॉक्टरांना विचारून करून घ्या. नंतर खाणं पाव हिश्शाने कमी करा. वजन वाढलं की बोका कमी हलतो, पाणीही कमी पितो, आणि शू अडण्याचा धोका वाढतो.

आणि चवथीची तयारी आत्ताच करा. पाहुणे, आरत्या, फटाके, रोजच्या खोलीत गणपती, या सगळ्यात ज्याला एकदा हे दुखणं झालंय त्याचं हमखास उलटतं. एक मागची खोली आठवडाभर आधीपासून त्याची करा: तिथेच एक पाटी, पाणी, जेवण, लपायला आडवा ठेवलेला खोका, आणि कपाटावर चढायची वाट. चवथीच्या दिवशी एकदम कोंडला तर ती खोलीच त्याला नकोशी होईल. दाराला बाहेरून कागद लावा, मुलं उघडतात.

माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीखाली) त्याला सोडू नका. केवणीच्या सालीचे दोर लोंबतात, मांजर चावून गिळतं आणि आतडं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोर दिसला तर ओढायचा नाही, तसाच डॉक्टरांकडे न्यायचा. माटोळीत कळलावी बांधली असेल तर तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, खाली पडलेली पाकळीसुद्धा लगेच उचला. देवापुढच्या फुलदाणीत लिली नकोच. तिचा पराग अंगाला लागून चाटला गेला तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

परसू_फोंडा

टब आणि लिटर आज आणते. एकच शंका: दोन्ही पाट्यांत नवं लिटर घालू की एकीत रेती राहू दे?

पडवी_डिचोली

पहिले काही दिवस एकीत रेती राहू दे, पण कोरडी करून. तव्यावर भाजून गार केली की पावसातही कोरडी होते. रोज बदला. तो नव्या टबात सलग जायला लागला की रेतीत मूठ मूठ लिटर मिसळत जा आणि मग रेती काढून टाका. वेदनेचं औषध चालू असतानाच नवी पाटी समोर ठेवा. दुखत नसताना पहिल्यांदा वापरली तर ती त्याला आवडेल.